वारसा म्हणजे अपराध नव्हे

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. वाटेने जाताना प्रभू येशूला एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य लगेच विचारतात की, हा आंधळा जन्माला आला तो कुणाच्या पापामुळे, त्याच्या स्वतःच्या की त्याच्या आईबापांच्या? हे विचारणारे शिष्य निर्दय नव्हते. देव न्यायी आहे यावर त्यांची श्रद्धा होती आणि न्यायी देवाच्या जगात कारणावाचून दुःख असणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. दुःख दिसले की त्याला कारण हवे. कारण सापडले की त्यामागे अपराधी हवा. या हिशेबात एक गोष्ट मात्र विसरली जाते. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो माणूस शेजारीच बसलेला असतो आणि त्याला सारे ऐकू येत असते.

प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, हेही आपण जाणतो. तरीही तो प्रश्न मेला नाही. आपल्या ओट्यांवर, लग्नाच्या मांडवात, कधी कधी चर्चच्या आवारातही तो हलक्या आवाजात विचारला जातो. एखाद्या घरात असाध्य आजाराचे मूल असले की 'हे कुठल्या बाजूने आले?' ही चौकशी औषधाच्या चौकशीआधी होते. पूर्वी या चौकशीला शाप, नजर, पूर्वजांची करणी अशी उत्तरे मिळत. आता शिकलेल्या माणसाला अशी उत्तरे देण्याची लाज वाटते. पण आनुवंशिक रोगांच्या बाबतीत विज्ञानानेच त्या जुन्या प्रश्नाला नवे बळ दिले आहे, असे वरवर पाहता वाटते. डॉक्टर स्वतःच सांगतात की, हा दोष आईकडून आला किंवा दोघांकडून आला. मग शिष्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असे कसे म्हणावे? आणि आईबापांकडून जे आले, त्याची जबाबदारी आईबापांची नव्हे काय?

या प्रश्नाचा विचार हवेत करता येत नाही. म्हणून आम्ही येथे लहान मुलांच्या एका विशिष्ट रोगसमूहाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्याचे नाव ल्युकोडिस्ट्रॉफी.

ल्युकोडिस्ट्रॉफी हे एका रोगाचे नाव नाही, ते रोगांच्या एका कुळाचे नाव आहे. 'ल्युकोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ पांढरा. आपल्या मेंदूच्या अंतर्भागात पांढरट दिसणारा जो भाग असतो, तो असंख्य मज्जातंतूंचा बनलेला असतो आणि त्या तंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असावे तसे हे आवरण असते. ते शाबूत असेल तर मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत, डोळ्यांचा व कानांचा निरोप मेंदूपर्यंत त्वरेने पोहोचतो. ल्युकोडिस्ट्रॉफीमध्ये जनुकातील एखाद्या बदलामुळे हे आवरण नीट तयारच होत नाही किंवा तयार झालेले नष्ट होऊ लागते. निरोप रेंगाळतात, मग थांबतात.

या रोगांचे खरे क्रौर्य हे की, त्यांपैकी अनेकांत मूल आधी निरोगी असते. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीच्या सर्वांत लवकर येणाऱ्या प्रकारात मूल चालायला शिकते, दोनचार शब्द बोलू लागते आणि मग शिकलेले एकेक विसरू लागते. क्रॅबे या रोगाच्या नेहमीच्या प्रकारात तर पहिल्या सहा महिन्यांतच त्याची चाहूल लागते. ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा रोग मुख्यतः मुलग्यांना होतो. त्याचे मेंदूला ग्रासणारे बालपणीचे रूप साधारणतः चार ते दहा वर्षांच्या वयात प्रकट होते. तोवर ते मूल शाळेत जात असते, मैदानात धावत असते, कदाचित वेदीसेवक म्हणून फादरांच्या मागे मेणबत्ती घेऊन उभे राहत असते.

सुरुवात बहुधा अशा गोष्टींनी होते की, त्यांत कुणाला रोग दिसत नाही. मुलाचे अक्षर बिघडते. वर्गात लक्ष लागत नाही. सांगितलेले ऐकू न आल्यासारखे ते वागते, चिडचिड करते, चालताना ठेचकाळते, तिरळे पाहू लागते. शिक्षक तक्रार करतात, वडील रागावतात, कुणी एक चापटही मारतो. महिन्यांनी मेंदूचे एम.आर.आय. चित्र समोर येते तेव्हा त्या चापटीची आठवण आईबापांना जन्मभर जाळते. म्हणजे दोष शोधण्याची आपली सवय रोगाचे नाव कळण्याआधीच कामाला लागलेली असते. प्रथम ती मुलालाच दोषी ठरवते. नाव कळल्यावर ती आईबापांकडे वळते.

आता वारशाचा मुद्दा घेऊ. ल्युकोडिस्ट्रॉफी कुटुंबात येण्याच्या तीन मुख्य वाटा आहेत आणि त्या समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली वाट अशी. मेटाक्रोमॅटिक व क्रॅबे या रोगांत आई आणि वडील दोघेही पूर्ण निरोगी असतात. दोघांच्याही जनुकांच्या जोडीपैकी एक जनुक सदोष असते व दुसरे त्याचे काम भागवून नेते. असे दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक गर्भारपणी रोगी मूल जन्मण्याची शक्यता चारात एक असते. ज्या समाजाचे विवाह पिढ्यानपिढ्या आपसातच होतात तेथे असे दोन वाहक भेटण्याचा संभव अधिक. भारतीय वैद्यकात याचे सुपरिचित उदाहरण आहे. डोक्याचा घेर वाढत जाणारी एक ल्युकोडिस्ट्रॉफी अगरवाल समाजातील मुलांत विशेषकरून आढळली आणि त्या मुलांत एकाच जनुकातील एकच बदल दिसून आला. त्याचा अर्थ एवढाच की, फार पूर्वीच्या एखाद्या समान पूर्वजाकडून तो बदल आला. यात कुणाचे काही चुकलेले नाही. आपल्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती समाजही लहान आहेत आणि तेही बहुधा आपसातच सोयरीक जुळवतात, हे आपण ध्यानात ठेवावे. सख्ख्या चुलत, आते, मामे व मावस भावंडांच्या विवाहाला ख्रिस्तसभेच्या कायद्याचा अडसर आहे, तोही येथे आठवावा.

दुसरी वाट ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीची. तिचे जनुक 'एक्स' या गुणसूत्रावर असते; ते १९९३ साली सापडले. स्त्रीजवळ दोन 'एक्स' असतात, पुरुषाजवळ एकच. म्हणून वाहक स्त्रीला हा बालपणीचा मेंदूरोग सहसा होत नाही. उतारवयात मात्र अशा अनेक स्त्रियांच्या पायांत ताठरपणा व अशक्तपणा येतो. तिच्या प्रत्येक मुलग्याला ते सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मीच असते.

तिसरी वाट या दोहोंहून निराळी. अलेक्झांडर नावाच्या ल्युकोडिस्ट्रॉफीत बहुतेक मुलांच्या बाबतीत तो बदल आईबापांच्या रक्तात नसतोच. तो त्या मुलातच प्रथम उद्भवतो. अशा घरी 'कुठल्या बाजूने आले?' या प्रश्नाला खरे उत्तर 'कुठल्याच नाही' हे असते.

एवढे समजल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. कारण आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणी आपण शिकलो की, प्राणघातक पाप घडण्यास तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असावी, तिची पूर्ण जाणीव असावी आणि तिला मनाची पूर्ण संमती असावी. वाहक मातेच्या बाबतीत बाब गंभीर आहे, यात शंका नाही. पण जाणीव नाही आणि संमती तर नाहीच नाही. आपल्या शरीरातील हजारो जनुकांपैकी कोणते बाळाला द्यायचे, हे कुणी आई निवडत नाही. ज्या वाटेने तिच्या डोळ्यांची ठेवण, तिचा आवाज, तिच्या वडिलांचे हसणे बाळाला मिळाले, त्याच वाटेने तो बदलही गेला. वारसा हे देणे आहे, पण ते देणाऱ्याच्या हाती नसलेले देणे आहे. जे हाती नाही त्याचा अपराध होऊ शकत नाही.

येथे कुणी निर्गमाच्या पुस्तकाचा आधार घेऊन म्हणेल की, वडिलांच्या पापाचे फळ मुलांना पिढ्यान्‌पिढ्या भोगावे लागते, असे पवित्र शास्त्रातच आहे. आहे खरे. पण त्याच शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याने, आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे या अर्थाची लोकांच्या तोंडची म्हण देवाच्या नावाने रद्द केली आहे. ईयोबाच्या मित्रांनी मोठ्या विद्वत्तेने त्याच्या दुःखामागचे पाप शोधले आणि शेवटी देवाने त्या मित्रांनाच चुकीचे ठरवले. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात ईयोबाचाच दाखला देऊन, प्रत्येक दुःख ही शिक्षा मानणे असत्य आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले.

त्याच १९८४ साली अमेरिकेत लोरेन्झो ओदोने नावाच्या, सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी असल्याचे निदान झाले. त्याचे वडील ऑगुस्तो हे इटालियन असून जागतिक बँकेत अर्थतज्ज्ञ होते, आई मायकेला. दोघांपैकी कुणीही डॉक्टर नव्हते. मूल आणखी सुमारे दोन वर्षे जगेल असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ग्रंथालयात बसून जीवरसायनशास्त्र वाचले, शास्त्रज्ञांना गाठले आणि या रोगात रक्तात साचणाऱ्या अतिदीर्घ शृंखलेच्या मेदाम्लांचे प्रमाण उतरवणारे एक तेल तयार करून घेतले. १९९२ साली त्यांच्यावर 'लोरेन्झोज ऑइल' हा चित्रपट निघाला व तो जगभर पाहिला गेला.

चित्रपटाने जेवढी आशा दाखवली तेवढी पुढील संशोधनाने टिकवली नाही. लक्षणे दिसू लागलेल्या मुलांचा रोग ते तेल थांबवत नाही, हे स्पष्ट झाले. बाल्टिमोरचे डॉ. ह्यूगो मोझर यांनी लक्षणे नसलेल्या ८९ मुलग्यांवरील निरीक्षणे २००५ साली प्रसिद्ध केली. ज्यांच्या रक्तातील त्या मेदाम्लांचे प्रमाण तेलाने उतरले त्यांना मेंदूरोगाचा धोका कमी दिसला. पण तुलनेसाठी तेल न घेणारा गट त्या अभ्यासात नव्हता, म्हणून त्यावर अखेरचा शब्द झाला नाही. स्वतः लोरेन्झोला तेलाने पूर्ववत केले नाही. तो बोलू शकत नव्हता, गिळू शकत नव्हता. पापण्यांची उघडझाप आणि बोटांची हालचाल एवढीच त्याची भाषा उरली होती. आई त्याला वाचून दाखवीत असे. मायकेला २००० साली कर्करोगाने वारली. लोरेन्झो ३० मे २००८ रोजी, तिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, गेला. ऑगुस्तो २०१३ साली वारले.

त्या चित्रपटातील एक प्रसंग आमच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. रोग आईकडून येतो हे कळल्यावर मायकेलाची जी तडफड होते ती चित्रपटाने लपवलेली नाही. पण तेल माणसाला घेता येईल काय, हे पाहण्याची वेळ येते तेव्हा तिची बहीण पुढे येते, कारण तीही वाहक आहे. बहिणीला हे माहीत होते म्हणून ती पुढे येऊ शकली. आपल्याकडे किती घरांत बहिणीला बहिणीचे असे काही ठाऊक असते?

येथे आम्ही या लेखाच्या गाभ्याशी येतो. संत योहानाच्या त्या नवव्या अध्यायात आणखी एक प्रसंग आहे. त्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. दृष्टी मिळाल्यावर त्या माणसाच्या आईबापांना बोलावून परूशी चौकशी करतात. हा मुलगा आमचाच आणि तो आंधळा जन्मला होता, एवढेच ते मान्य करतात. पुढचे त्यालाच विचारा, तो जाणता आहे, असे म्हणून ते बाजूला होतात. शुभवर्तमानकार याचे कारणही नोंदवतो: सभास्थानातून बहिष्कृत होण्याचे त्यांना भय होते. अध्यायाच्या आरंभी ज्या समाजात आईबापांच्या पापाचा प्रश्न सहज विचारला जातो, त्याच समाजात अध्यायाच्या मध्यावर आईबाप सत्य सांगायला भितात. दोषारोप आणि मौन ही जुळी भावंडे आहेत. जेथे पहिले असते तेथे दुसरे येतेच.

आणि ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीच्या बाबतीत मौनाची किंमत एखाद्या मुलाचा जीव असू शकते. हे अतिशयोक्त वाटू नये म्हणून थोडे स्पष्ट करतो. या रोगात मेंदूची हानी सुरू झाल्याचे एम.आर.आय.मध्ये अगदी प्रारंभी दिसले, तर योग्य दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण, ज्याला आपण अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणतो, ती हानी थांबवू शकते. त्याच्या यशाचे पहिले वृत्त १९९० साली फ्रान्समधून आले. गंभीर लक्षणे उमटल्यावर मात्र या उपचाराचा उपयोग राहत नाही. यांतील बहुसंख्य मुलांच्या ॲड्रिनल ग्रंथीही दुबळ्या होतात आणि साध्या तापातही त्यांचा जीव धोक्यात येऊ शकतो. पण वेळीच कळले तर स्वस्त गोळ्यांनी तो धोका टळतो. म्हणून ज्याला हे जनुक मिळाले आहे अशा मुलग्याची रक्ततपासणी आणि बालपणात साधारणतः दर सहा महिन्यांनी एम.आर.आय. करीत राहणे महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१३ साली जन्मतःच ही तपासणी सुरू केली. आपल्या देशात नवजात बालकांची अशी सार्वत्रिक तपासणी होत नाही. तेव्हा आपल्या मुलाला ही सूचना मिळण्याचा एकच मार्ग उरतो. नातेवाइकांपैकी कुणीतरी तोंड उघडले पाहिजे.

हे नातेवाईक कोण? ज्या मुलाचा रोग उघड झाला त्याच्या आईच्या बहिणी, म्हणजे त्याच्या मावश्या, आणि त्यांची मुले. त्याच्या मोठ्या बहिणी. आजीच्या बहिणी आणि त्यांच्या लेकी. हा रोग आजोळच्या वाटेने चालतो. आपल्या वंशावळी मात्र आडनावाच्या वाटेने चालतात. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिचे आडनाव बदलले, की घराण्याच्या कागदातून ती नाहीशी होते. लहानपणीच वारलेल्या एखाद्या मामाचा आजार काय होता, हे भाच्याला कुणी सांगत नाही. ज्यांना सूचनेची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच माणसांना आपली वंशावळ वगळते. संत मत्तयाने प्रभूची वंशावळ देताना तामार, राहाब, रूथ, उरियाची पत्नी आणि पवित्र मरिया अशा पाच स्त्रियांचा उल्लेख केला आहे, आणि त्यांतील काही तर अशा की, घराण्याने त्यांचे नाव झाकून ठेवावे. शुभवर्तमानाने ते झाकले नाही. आपल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही बापाबरोबर आईचे नाव लिहिलेले असते. आजोळची वाट शोधायची असेल तर ती वही उपयोगी पडेल.

पण सांगायचे म्हणजे कुणाला? येथे प्रामाणिक अडचण आहे. 'मुलीचे लग्न कसे जमेल?' हा प्रश्न आपल्या समाजात पोकळ नाही. वाहक असल्याची कुणकुण लागली तर निरोगी, गुणी मुलीची सोयरीक मोडू शकते. या भयाने गप्प राहिलेल्या आईबापांना आम्ही कठोर शब्दांनी दुखवू इच्छित नाही. मात्र गुपित राखणे आणि सत्य दडपणे या दोहोंत भेद केला पाहिजे. कबुलीजबाबाची मुद्रा सांभाळणाऱ्या ख्रिस्तसभेला गुपिताचे पावित्र्य शिकवण्याची गरज नाही. साऱ्या गावाला कळावे असे कुणीच म्हणत नाही. शेजाऱ्याला हे जाणण्याचा अधिकार नाही, मंडळाच्या सदस्यांना नाही, कुतूहलाने विचारणाऱ्या सोयऱ्याला नाही. पण ज्या माणसाच्या मुलाचा जीव त्या माहितीने वाचू शकतो, त्याला ती मिळण्याचा अधिकार आहे. ती माहिती त्याची ठेव आहे. ती आपल्याजवळ राहिली असली तरी आपली नव्हे. मावशीला एक पत्र, बहिणीच्या घरी एक शांत भेट, डॉक्टरांच्या अहवालाची एक प्रत एवढे पुरते. आणि ज्या मुलीचे लग्न ठरत आहे तिला स्वतःला तरी सत्य ठाऊक असले पाहिजे. ज्याच्याशी ती आयुष्य जोडणार त्याला ते तिने सांगावे. सत्य कळल्यावर जो निघून जातो तो संकटाच्या दिवशी थांबला असता, असे मानण्यास आधार नाही.

दुसरी एक शंका धर्मनिष्ठ घरांत घेतली जाते. हे सारे कळू लागले तर लोक गर्भातच तपासणी करून मुले मारतील. त्यापेक्षा न कळलेले बरे. ही भीती खोटी नाही. ज्ञानाचे शस्त्र होते हे आपल्या देशाने मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. परंतु ख्रिस्तसभेने ज्ञानालाच पाप म्हटलेले नाही. १९८७ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या 'दोनुम विते' या सूचनापत्रात जन्मपूर्व निदान हे गर्भस्थ बालकाच्या रक्षणासाठी वा उपचारासाठी असेल तर ते योग्य मानले आहे आणि गर्भपाताच्या हेतूने केले तर निषिद्ध ठरवले आहे. आम्ही ज्या सूचनेविषयी बोलत आहोत ती तर जन्मलेल्या, खेळणाऱ्या मुलाला वाचवण्याची सूचना आहे. अज्ञानाने त्या मुलाचे रक्षण होत नाही.

उपचारांची परिस्थितीही सांगितली पाहिजे, कारण आशा जशी देऊ नये तशी नाकारूही नये. जनुकोपचाराची दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली आहेत: ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीसाठी २०२२ साली व मेटाक्रोमॅटिकसाठी २०२४ साली. पहिल्याने काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. दुसऱ्याची किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर लावली गेली. सर्वसाधारण कुटुंबाच्या ती हाताबाहेर आहेत. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोगविषयक धोरणात मात्र प्रारंभिक अवस्थेतील ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीच्या प्रत्यारोपणाचा समावेश आहे आणि निवडक केंद्रांत उपचार घेणाऱ्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे. पुन्हा तीच अट: प्रारंभिक अवस्था. पुन्हा तेच: वेळीच कळले पाहिजे.

आणि ज्याला वेळीच कळले नाही त्या मुलाचे काय? त्याच्याकडून काही शिकायचे असे म्हणून आम्ही त्याच्या दुःखाला धड्याचे रूप देणार नाही. ते मूल कुणाचा धडा नाही. ते स्नानसंस्काराने देवाचे लेकरू झाले आणि त्याची वाणी, दृष्टी, चाल एकेक करून गेली तरी त्या नात्यातले काहीच गेले नाही. लोरेन्झो बोलू शकत नसताना चोवीस वर्षे आपल्या घरात राहिला, त्याला कुणीतरी वाचून दाखवत होते, कुणीतरी त्याच्या पापण्यांकडे पाहत होते. त्या चोवीस वर्षांचे मोल तेलाच्या यशापयशाने ठरत नाही. आईबापांनी शोधलेले तेल मुलाला वाचवू शकले नाही. पण ते दोघे त्याला सोडून गेले नाहीत. प्रेमाची कसोटी लावायची तर येथे लावावी.

अशा घरासाठी धर्मग्रामाला करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले पुष्कळसे न बोलण्यात आहे. 'देव परीक्षा पाहतो', 'तुम्हांलाच निवडले', 'कुठल्या बाजूने आले' ही वाक्ये दारातच ठेवून आत जावे. माउंट मेरीला किंवा वेलंकणीला नवस बोललेल्या आईची श्रद्धा मोडू नये. पण खात्रीचा उपाय म्हणून पुड्या विकणाऱ्याला तिच्या दारी पाठवूही नये. अशा मुलाला नळीने अन्न द्यावे लागते, रात्रीतून अनेकदा कूस बदलावी लागते, घशात साचलेला कफ काढावा लागतो; त्या घरातील आई कित्येक महिने पुरती झोपलेली नसते. आपल्या महिला मंडळातील कुणी हे काम शिकून घेऊन रविवारी दोन तास त्या मुलापाशी बसली, तर ती आई व ते वडील अनेक आठवड्यांनंतर एकत्र मिस्साला येऊ शकतील. त्या दिवशी चर्चच्या दारात त्यांना कुणी काही विचारू नये. बाकावर थोडे सरकून जागा करून द्यावी.

असे दोनचार धर्मग्रामांत घडू लागले, तर कधीतरी एखादी आई आपल्या बहिणीच्या घरी जाऊन म्हणेल, 'तुझ्या मुलाचे रक्त तपासून घे.' ते वाक्य तिच्या तोंडून निघावे एवढे अभय तिला देणे आपल्या हाती आहे.